हात भाजला, बांगड्या राहिल्या

हे वाचणाऱ्या बाईचा हात आत्ताच भाजलेला असेल, तर तिनं आधी हातातलं सगळं काढावं. बांगड्या, पाटली, अंगठी, मनगटाचा दोरा, सगळं. निघत नसेल तर फोडावं, कापावं. मग नळाखाली जाऊन उभं राहावं. वाचायचं ते नंतर.

बाकीच्यांना सांगते. माझं नाव मंगल. शिक्षण सातवी. गाव जालन्याकडचं, अंबडच्या पुढं. आमचे हे पोकलेन मशीन चालवतात. दोन वर्षांपासून आम्ही पोलादपूरला आहोत, आंबेनळी घाटाच्या रस्त्याच्या कामावर. हे वर घाटात आणि मी खाली पायथ्याच्या गावात, कामावरच्या चौदा माणसांचा स्वयंपाक करते. करत होते. मुलगी आरती आठ वर्षांची, शाळा बुडू नये म्हणून ती माझ्या आईजवळ गावाकडं.

मला लिहायची सवय नाही. महाडच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, रोज एक पान लिहीत जा, हात चालता राहील. आणि ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणाल्या, लिहितेसच तर भाजल्याचं लिही, बाया आमचं ऐकत नाहीत, कदाचित तुझं ऐकतील. म्हणून लिहिते. हे वाचून कुणाला धीर येईल असं मला वाटत नाही. धीर माझ्याकडंच नाही तर देऊ कुठून. पण माझी चूक दुसरीनं करू नये, एवढं वाटतं.

भात

आमच्याकडं ज्वारीची भाकरी. भात सणावारी. इथं कामावरची निम्मी माणसं पोलादपूरच्या वाड्यांमधली, त्यांना दुपारी भात लागतो म्हणजे लागतो, आणि तोही मोकळा, पेज काढलेला. मोठ्या पातेल्यात तांदूळ शिजवायचे, झाकण फडक्यानं दाबून धरायचं, पातेलं कलतं करायचं आणि पेज खालच्या टोपात सोडायची. हे मला पार्वतीकाकीनं शिकवलं. काकीच्या मागच्या पडवीत आमची शेगडी होती. काकीचे दोन्ही मुलगे मुंबईला, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. दिवसभर आम्ही दोघीच. मी "मह्या" आणि "तुह्या" म्हटलं की ती पोट धरून हसायची. मीही तिचं "नाय" आणि "हाय" करून दाखवायची.

त्या दिवशी साडेदहा वाजले असतील. वर घाटात जाणारी जीप बाराला डबे घ्यायला यायची. मी पातेलं कलतं केलं आणि झाकण सरकलं. उकळती पेज सगळी उजव्या हातावर आली, बोटांपासून कोपराच्या अलीकडपर्यंत. हातात जे फडकं होतं ते पेजेनं भिजून बोटांना गुंडाळल्यासारखं चिकटलं.

आता लक्ष देऊन वाचा. मी पातेलं सोडलं नाही. सोडलं असतं तर चौदा माणसांचा भात मातीत गेला असता. मी ते हळूच खाली ठेवलं, वाकून, दोन्ही हातांनी, त्या फडक्यासकट. किती वेळ गेला असेल, पाच-सहा श्वास. तेवढ्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट शिजलं. हे मला पुढं कळलं.

ओरडल्यावर काकी धावत आली.

"काय झालं गो?"

"पेज सांडली."

मी हात बादलीत बुडवला. बरं वाटलं. देवाशपथ सांगते, पाण्यात बरं वाटत होतं. काकीनं हात धरून बाहेर काढला. "पाण्यात नको ठेवू, फोड येतात पाण्यानं." आमच्याकडंही असंच म्हणतात, म्हणून मीही काढला. नळ दहा पावलांवर होता आणि त्या दिवशी पाणी आलेलं होतं. वीस मिनिटं नुसती तिथं हात धरून बसले असते. सिस्टर म्हणतात, भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्यासारखं औषध नाही, आणि त्याला डॉक्टरही लागत नाही. बर्फ नको, साधंच पाणी. आम्ही दोघी शहाण्या, पाण्यापासून लांब गेलो.

काकीनं पदरानं पेज पुसली. पुसताना मनगटाच्या वरची कातडी सालपटासारखी सरकली. मग ती आतून कोकमाचं तेल घेऊन आली. इथं घरोघर असतं ते, पांढरा घट्ट गोळा, थंडीत पायांच्या भेगांना लावतात. तिनं तो तळहातावर वितळवून माझ्या हातभर चोपडला, बांगड्यांच्या मधून मधून, आईनं लेकराला लावावा तसा. फुंकर घालत होती. 

दवाखान्यात या तेलावरून काकीला खूप बोलणी बसली. तेलानं आग आतल्या आत कोंडते म्हणे, आणि मग ते तेल पुसून काढताना माझा जीव गेला तो वेगळा. तेल, तूप, टूथपेस्ट, हळद, शाई, काही म्हणजे काही लावू नका. पण एक मी लिहूनच ठेवते. काकीचं चुकलं, पण काकी आली. माझ्या गावापासून एवढ्या लांब माझ्या हातावर फुंकर घालायला दुसरं कोण होतं?

आणि मी काय केलं? डाव्या हातानं चौदा डबे भरले. जीप आली, डबे गेले. ड्रायव्हरला म्हटलं, यांना काही सांगू नका, उगा मशीनवर लक्ष उडेल.

जिथं दुखत नव्हतं

हात तीन तऱ्हांनी भाजला होता. कोपराकडं नुसता लाल, पण आग अशी की हात झटकून टाकावासा वाटे. मनगटाच्या वर पाण्यानं भरलेले फोड. आणि ती दोन बोटं पांढरी, मेणासारखी. त्या बोटांना काहीच दुखत नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, बोटं तरी वाचली.

हे उलटं असतं. जिथं दुखतं तिथली कातडी जिती असते. जिथं दुखत नाही तिथं दुखायलाच काही उरलेलं नसतं. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर. सातवीपर्यंत सांगितलं नाही, पुढं सांगत असतील.

सव्वादोनच्या बांगड्या

दिवाळीत पोलादपूरच्या बाजारात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मला अडीचचं माप बसतं. पण कासाराकडं चार बाया बघत असल्या की लहान माप चढवून घ्यायची हौस असते. हात मऊ असला की चढतात. मी सव्वादोनच्या मागितल्या. साबण लावून, अंगठा मुडपून त्यानं एकेक चढवली. डोळ्यांत पाणी आलं तरी मी हसत होते. काकी म्हणाली, "हाड हाय का नाय गो तुझ्या हातात?" मला त्याचा केवढा तो अभिमान. उजव्या हातात सात चढल्या, पुढं एक पाटली.

बांगड्या नव्या, हात कोवळा, आणि पेज सांडण्याआधी महिनाभर वर घाटात एक धोंडा सुटून उभ्या डंपरच्या केबिनवर आला होता. ड्रायव्हर चहाला उतरला होता म्हणून वाचला. आमच्या ह्यांचं मशीन त्याच कड्याखाली चालायचं. तेव्हापासून मी रोज सकाळी हे गेले की संध्याकाळी येईपर्यंत जीव मुठीत धरून असायची. बांगडी तडकली तरी मी फुटली म्हणायची नाही, वाढली म्हणायची, आणि त्या दिवशी दहा वेळा फोन लावायची. हे तुम्हाला हसण्यासारखं वाटेल. ज्यांचा माणूस कड्याखाली काम करतो त्यांना वाटणार नाही.

साडेबाराला काकी मला मिनीडोर रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तोवर हात सुजायला लागला होता. बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या, मधलं मांस वर आलं होतं.

तिथल्या सिस्टरनं पाहिल्याबरोबर सांगितलं, "आधी या बांगड्या फोडायच्या."

मी हात मागं घेतला.

"बाई, सूज वाढतेय. आत्ता नाही काढल्या तर रक्त पुढं जायचं नाही. हात जाईल."

"साबणानं निघतील."

त्यांनी साबण लावून बघितला. कातडी निघत होती, बांगडी निघत नव्हती. आत डॉक्टर होते, तरणेच होते, तेही आले. तेही तेच बोलले. महाडला न्यायला लागेल, चिठ्ठी देतो, पण बांगड्या आधी. मी म्हटलं, माझ्या माणसाला विचारल्याशिवाय फोडणार नाही, आणि तो आल्याशिवाय कुठं जाणार पण नाही.

"लाव फोन मग."

फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. घाटात यांचं काम चाललेलं त्या वळणाला रेंजच नाही, मला माहीत होतं. तरी लावत राहिले. बाहेर, बाहेर, बाहेर. आणि जसजशी ती बाई फोनमध्ये "बाहेर आहे" म्हणत होती तसतसं माझ्या डोक्यात पक्कं होत गेलं की आज काहीतरी होणार आहे, आणि मी फोडल्या की होणार आहे.

सिस्टर चिडल्या. "हात पाहिजे का बांगड्या पाहिजेत?"

मी म्हटलं, "हात गेला तरी चालेल."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं बोलले, शुद्धीत बोलले. तेव्हापासून रोज ऐकू येतं.

मग काकी माझ्यासमोर खाली बसली. तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. मोकळे हात, मनगटावर काहीच नाही. "मंगल, माझ्याकडं बग. माझा धनी आधी गेला, मग माझ्या फोडल्या लोकांनी. आधी तो गेला. उलटं नाय झालेलं. बांगड्या फोडून कोणाचा घरवाला मेला असता तर गो, या गावात एक पुरुष उरला नसता." सिस्टरला हसू आलं. काकीला नाही आलं. ती म्हणाली, "वाढव, माझी बाय."

आणि मी तोंड फिरवलं. मनात काय आलं तेही लिहिते, कारण खरं लिहायचं ठरवलंय. मनात आलं, हिचं काय जातंय सांगायला. हिच्या हातात काय आहे. ज्या बाईनं मला दोन वर्षं स्वतःच्या ताटातलं घातलं, तिच्याबद्दल असं. काकीला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. ती उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. पण घरी गेली नाही.

सिस्टरनं घाटात चाललेला एक डंपर थांबवून ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला. चार वाजता हे आले. अंगभर धूळ, पायात बूट तसेच. धडधाकट. मला रडू फुटलं.

ह्यांनी हात बघितला. बोटं तोवर जांभळी झाली होती आणि गार. "फोडल्या का नाहीत?" का फोडल्या नाहीत ते सिस्टरनं सांगितलं. हे बाहेर गेले. मग डंपरमधून पक्कड घेऊन आले.

"मंगल, मी उभाय ना समोर? माझ्याकडं बघ."

मी बघत राहिले. हाताकडं नाही, ह्यांच्या तोंडाकडं. एकेक बांगडी फुटताना मी बघत होते की हे आहेत ना. सातही फुटल्या आणि हे होते. पाटली कापायला वेळ लागला. खाली मनगटावर आठ पांढरे वळ होते, चामड्यावर दोरी आवळल्यासारखे खोल.

साडेतीन तास. मी माझ्या हातानं माझा हात बांधून ठेवला होता.

थांबून बघू

महाडच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी सूज मोकळी करायला हाताला लांब चिरा दिल्या. मनगट, हात, अंगठा आणि पहिली दोन बोटं गुलाबी झाली. उरलेल्या दोन बोटांचं म्हणाले, थांबून बघू.

ते थांबून बघू बारा दिवस चाललं. बाकी दुखणं विसरायला होतं, ते बारा दिवस विसरत नाहीत. रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि पट्टी सोडून बोटांच्या टोकाला सुई टोचायचे. "लागतंय?"

लागत नव्हतं. पण सुई टेकलेली मला दिसायची. मी म्हणायची, "लागतंय."

तीन दिवस मी असं सांगितलं. ते लिहून घ्यायचे, सिस्टरकडं बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "मंगलताई, डोळे मिटा." मी मिटले. खूप वेळ गेला. मला वाटलं अजून टोचलीच नाही. डोळे उघडले तर सुई करंगळीत उभी होती.

डॉक्टर रागावले नाहीत. तिथंच स्टुलावर बसले थोडा वेळ. त्यांना पुढं वीस पेशंट होते तरी बसले. मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

ड्रेसिंग

भाजलेल्या माणसाचा दिवस ड्रेसिंगपासून ड्रेसिंगपर्यंत असतो. सकाळी जाग आली की पहिला विचार तोच. ट्रॉलीच्या चाकाचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला की मी चादर डाव्या मुठीत घट्ट धरायची. शेजारच्या खाटांवरच्या बाया तोंड भिंतीकडं करायच्या.

ड्रेसिंगच्या सिस्टर महाडच्याच, वैशाली नावाच्या. आदल्या दिवशीची पट्टी जखमेला चिकटते. ती ओढून काढली तर मिनिटात काम होतं. या बाई ती पाण्यानं भिजवत बसायच्या, दहा दहा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात मला मासळीबाजाराचं सांगायच्या. आज बोंबील कसे होते, कोळणीशी कसं भांडण झालं.

"तुम्ही जालन्याचे लोक बोंबील खात नाही ना?"

"नाही."

"म्हणूनच हात असा कोवळा. ओरड, ओरड, लाजू नको. त्या कोपऱ्यातल्या मावशी काल माझ्या आईवरून शिव्या देत होत्या. तू अजून तिथवर नाही पोचलीस."

असं बोलता बोलता पट्टी सुटायची. दुखायचं ते दुखायचंच. पण ती दहा मिनिटं ओळखीपाळखीशिवाय मला कुणीतरी दिलेली होती.

काकी एक दिवसाआड पोलादपूरहून एस्टीनं यायची. पहिल्यांदा आली तेव्हा डब्यात पेज घेऊन आली. इथं आजारी माणसाला पेज देतात, मीठ आणि वर तूप घालून. तिनं झाकण उघडलं, तो वास आला आणि मी खाटेवरच ओकले. काकी डबा हातात धरून उभी. "मेली मी. मला कसं नाय सुचलं," म्हणत स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. वॉर्डातल्या बायांनी तिचा हात धरला. त्यानंतर ती नाचणीची भाकर आणायची.

एकदा मी तिला म्हटलं, "काकी, त्या दिवशी मी तोंड फिरवलं."

"कधी?"

"तुला माहीत आहे कधी."

ती भाकर मोडत राहिली. "माझे पण हात भरलेले असते तर मी पण फिरवलं असतं. खा."

आमचे हे

ह्यांनी पहिले आठ दिवस मला एक शब्द विचारला नाही. वेणी घालायचे. हो, पोकलेन चालवणारा माणूस, बायकांच्या वॉर्डात बसून वेणी घालायचा, वाकडीतिकडी. ताटातला घास भरवायचे. बाया म्हणायच्या, नशीब काढलंस. मी मान हलवायची. पण हे माझ्याकडं बघत नव्हते, हाताकडंही नाही. खिडकीकडं बघत घास पुढं करायचे.

नवव्या दिवशी मीच म्हटलं, "बोला ना काहीतरी. शिव्या तरी द्या."

हे म्हणाले, "बांगड्या माझ्या नावानं ठेवल्यास ना?"

"हो."

"मी कुठं मागितलं होतं?"

बास. एवढंच. घास तसाच ताटात ठेवला आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.  ज्या माणसासाठी केलं त्याच्या मानेवर मी ते ओझं ठेवलं आणि आता त्याला ते उतरवता येत नाही.

आईला फोनवर फक्त भाजलं म्हणून सांगितलं होतं. "मह्या लेकरा, येऊ का गं मी?" विचारायची. आरतीची शाळा, म्हैस, एवढं लांब. मी म्हणायची, नको, बरं होतंय. आरती फोन ओढून घ्यायची. "मम्मी, हात दाखव." मी म्हणायची, पट्टी आहे. "पट्टी दाखव." मी पट्टी दाखवायची. पट्टीच्या आत काय काळं पडत चाललंय ते तिला दिसत नव्हतं.

अंगठा

तेराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की बोटं ठेवली तर विष वर चढेल. दोन्ही काढावी लागतील, मुळापासून. बाकीच्या हातावर मांडीची कातडी लावू.

कागद आला. लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "सही येते?"

"येते."

त्यांनी पेन पुढं केलं. मी पट्टीतला हात वर करून दाखवला. त्या ओशाळल्या. मग शाईचा पॅड आणला आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला. आमच्या घरात अंगठा देणारी शेवटची माझी आजी. आईनं मला मारून मारून सातवीपर्यंत पाठवलं ते अंगठा लागू नये म्हणून.

ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना एक विचारलं. पहिल्या तासात बांगड्या फोडल्या असत्या तर बोटं राहिली असती का?

ते म्हणाले, "फडक्यानं किती नुकसान झालं आणि बांगड्यांनी किती, ते मला वेगळं करता येणार नाही. कदाचित राहिली असती. कदाचित नसती."

त्यांना वाटलं असेल की यानं मला बरं वाटेल. वाटलं नाही. नक्की राहिली असती असं म्हणाले असते तर मी स्वतःला दोष देऊन मोकळी झाले असते. नसती राहिली म्हणाले असते तर सुटले असते. आता मी रोज दोन्हीकडून विचार करते आणि कुठंच पोचत नाही. भाजी चिरताना, अंघोळीला, हे घाटात गेल्यावर. हे अजून त्याच कड्याखाली जातात.

आता

चार महिने झाले. हात आहे. पकड कमी. भाकरी थापता येत नाही, कड फाटते. काकी थापते, मी चुलीपुढं बसून भाजते, निखाऱ्यापासून लांब हात धरून. उकळतं पातेलं मी उचलत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. पहाटेच्या गारव्यात नव्या कातडीला खाज सुटते आणि गंमत म्हणजे जी बोटं नाहीत तीही दुखतात. तेव्हा दुखायला पाहिजे होतं तर दुखली नाहीत.

व्यायामाच्या बाई म्हणतात, पुष्कळ सुधारणा आहे. मी हो म्हणते. ज्या ज्या लोकांनी मला इथवर आणलं त्यांच्यासमोर मला तोंड पाडून बसता येत नाही. सिस्टर, डॉक्टर, निरोप नेणारा तो डंपरवाला, ज्याचं नावही मी विचारलं नाही, आणि काकी. त्यांचे उपकार आहेत म्हणून मी त्यांच्यासमोर हसते. कागदासमोर हसायची गरज नाही.

सुट्टी लागल्यावर आई आरतीला घेऊन आली. पोलादपूरच्या स्टँडवर आरती एस्टीतून उतरली ती धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. चार महिन्यांत उंच झालीय. मग तिनं माझा हात धरून बघितला. उलटा केला, सुलटा केला.

"दोन कुठं गेली?"

"काढली डॉक्टरांनी."

"परत येतील?"

"नाही."

"बरं," म्हणाली. रडली नाही, घाबरली नाही. आईच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. मला वाटलं, चला, पोरगी शहाणी आहे.

आम्ही चालायला लागलो. सवयीनं मी उजवा हात पुढं केला. तिनं तो बघितला, माझ्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला गेली आणि डावा धरला.

आज पंधरा दिवस झाले. माझ्या कुशीत झोपते, माझ्या हातचं खाते, काकीला माझी नक्कल करून दाखवते. पण रस्त्यानं चालताना उजवा हात धरत नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही, तिच्या ध्यानातही नसेल. मी विचारलं नाही. विचारून काय करायचं.

इथं गावातून जाणाऱ्या घाटरस्त्याला दिवसभर ट्रक चालू असतात. तिला माझ्या डाव्या हाताला राहायचं असतं, म्हणून मी आता कुठंही निघाले की लागलं तर आधी रस्ता ओलांडते आणि डाव्या कडेनं चालते. म्हणजे ती कडेला राहते. ट्रक जातात ते माझ्या उजव्या हाताजवळून.